यादी विसावर संपते

सोमवार, ४ मार्च

पुढच्या पिढ्यांच्या माहितीसाठी नोंद करून ठेवतो : आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या ऑफिसच्या खुर्चीने सभ्यतेची शेवटची मर्यादा ओलांडली. तीन वर्षं कुरकुरतेय. पुढे झुकलो की मांजर, मागे रेललो की जुनं दार, वळलो की दोन्ही एकदम. आज मी फक्त सुस्कारा सोडला — तर माझ्याआधी तीच बोलली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, "काही म्हणालात?"

रुग्णालयाच्या भांडारात आजवर तीन अर्ज दिले. पहिल्याचं उत्तर 'विचाराधीन'. दुसऱ्याचंही 'विचाराधीन'. तिसऱ्याला उत्तरच नाही. विचार संपला असावा.

शेवटी न्याय माझा मीच केला. दुपारी पहिल्या मजल्यावर टेलिफोनच्या खोलीत गेलो. ऑपरेटरबाई डबा खायला गेल्या होत्या. त्यांची खुर्ची — उंच पाठ, गादी शाबूत, चाकं अशी की नुसतं बोट लावावं. माझी तिथे ठेवली, त्यांची इकडे आणली. दोन्ही काळ्याच. आणि बाईंना दिसत नाही, जन्मापासून. ही गोष्ट आपल्या सोयीची आहे असं मनात आलं. आलं ते आलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

पाठ आज पहिल्यांदा दुखली नाही.

मंगळवार, ५ मार्च

उद्या नवी यादी सुरू करायची. आज दिवसभर तेच.

ही यादी म्हणजे रुग्णालयाचा कणा — असं मी नाही, आमचे साहेब म्हणतात. कोण डॉक्टर, कोण तंत्रज्ञ, कुठल्या पाळीला, कुठल्या नंबरवर : वेबपानावरचा एक मोठा तक्ता, अठराशे चाळीस ओळी. वॉर्डातून फोन आला की ऑपरेटरबाई यादीत माणूस शोधतात आणि फोन जोडून देतात. शोधतात म्हणजे त्यांचा संगणक पानावरचा मजकूर त्यांच्या कानात वाचतो — इतक्या वेगाने, की आपल्याला डब्यात माशी अडकल्यासारखं वाटावं. एकोणीस वर्षं हे चाललंय. बाईंचा गर्वही तेवढाच जुना.

तक्ता म्हणजे नुसतं पोट. त्याला भरवायच्या तीन तऱ्हा. पहिली माझ्या आधीच्या प्रोग्रामरची. मी त्याला मनात 'गवंडी' म्हणतो. तो सगळी नावं थेट पानातच लिंपायचा. रोज सकाळी पानाच्या आत शिरायचं, हाताने नावं बदलायची, बाहेर यायचं. ज्ञानाशी काही संबंध नाही. पान उघडायला इथल्या जुनाट मशीनवर मोजून नऊ सेकंद.

दुसरी तऱ्हा फाइलची. प्रत्येक विभागाच्या कारकुनाने एक्सेलची फाइल पाठवायची, पानाने ती वाचून तक्ता भरायचा. हा प्रयोग मी गेल्या वर्षी केला. एकाने फोन नंबरच्या रकान्यात लिहिलं, 'बहुतेक घरीच'. दुसऱ्याने अर्ध्या ओळी पिवळ्या केल्या. विचारलं, तर म्हणाला, पिवळे म्हणजे आलेले नाहीत, एवढं तर कुणालाही कळतं. तक्त्याला कळलं नाही. प्रयोग संपला.

तिसरी तऱ्हा माझी. पान रिकामं येतं आणि सर्व्हरला विचारतं. सर्व्हर देतो — तेही सगळं एकदम ओतून नाही, वीस ओळी. आपण खाली सरकवत गेलो की पुढच्या वीस येतात आणि वरच्या टाकून दिल्या जातात. जेवढं समोर आहे तेवढंच ताटात. नऊ सेकंदांचं पान अर्ध्या सेकंदात! गवंड्याने बघायला हवं होतं.

साहेब खूश. साहेब माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. कुठलंही काम 'दहा मिनिटांचं' असतं, म्हणून मी त्यांचं आडनाव दहामिनिटे ठेवलंय. त्यांनी एकच सुधारणा केली : शोधायची चौकट बटबटीत दिसते, ती काढली. आता कोपऱ्यात माऊस नेला तरच एक भिंग उमलतं. लोकांना सापडणार नाही, असं मी म्हटलं. "सापडेल हो. दहा मिनिटांत हात बसतो." वाद घातला नाही. मे महिन्यापासूनच्या कंत्राटावर त्यांची सही व्हायचीय.

माझ्या मशीनवर तपासलं. लोण्यासारखं चालतंय.

गुरुवार, ७ मार्च

काल यादी सुरू झाली. दहामिनिट्यांनी बैठकीत 'आम्ही' या शब्दाचा वापर असा केला की त्यात मी कुठेच नव्हतो. सर्वांना सूचनापत्र गेलं — बाण, गोल, रंगीत चौकटी, सगळं एका देखण्या चित्रात. चित्र मी केलं. चांगलं झालं होतं.

आज दुपारी वरून फोन. ऑपरेटरबाई. नमस्कार नाही, चमत्कार नाही : "यादी विसावर संपते."

गेलो वर. त्यांचा माऊस स्क्रीनच्या मागे पडलेला, त्यावर धुळीची साय. तो ओढला, पुसला, चाक फिरवलं — एकवीस, चाळीस, नव्वद, पाचशे. ओळी नुसत्या धावत होत्या. म्हटलं, आहेत की सगळ्या. म्हणाल्या, माझ्या कानात विसावर संपते, त्यापुढे 'तक्ता समाप्त' असं म्हणतो. म्हटलं, तुमचं वाचणारं यंत्र जुनं झालं असेल. त्यावर म्हणाल्या, "यंत्र जुनं आहे, पण परवापर्यंत त्याला मोजता येत होतं."

जीभ! या बाईंना देवाने एक इंद्रिय कमी दिलं आणि भरपाई जिभेत केली. नवं काही आलं की आधी नाक मुरडायचं. टेलिफोनचं बोर्ड बदललं तेव्हाही महिनाभर तक्रार चालली होती म्हणे. (नंतर बोर्डच सदोष निघालं, तो भाग वेगळा.)

एक विचित्र गोष्ट. बाई माझ्या जुन्या खुर्चीत बसून इकडे वळल्या, तिकडे वळल्या. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. माझ्याखालीच तेवढी बोंबलायची. खुर्च्यासुद्धा माणूस बघून वागतात.

शुक्रवार, ८ मार्च

परत फोन. परत विसावर संपते. म्हटलं, खाली सरकवा. म्हणाल्या, "काय सरकवू?" फोन ठेवून दिला — मी.

सोमवार, ११ मार्च

आज प्रकरण झालं.

पहाटे पाच वाजता तिसऱ्या मजल्यावर एका वृद्ध बाईंना धाप लागली. ऑपरेटरबाईंची रात्रपाळी होती; नर्सने त्यांना फोन करून श्वसनविभागाचे पाळीवरचे डॉक्टर मागितले. बाईंनी यादीत शोधलं. 'सापडत नाही.' पुन्हा शोधलं. नाही. मग त्यांनी आठवणीतून गेल्या आठवड्याच्या डॉक्टरांना फोन लावला — ते गावाला. मग अतिदक्षता विभागाला — ते दुसऱ्या रोग्यात अडकलेले. शेवटी नर्स स्वतः दोन जिने धावत गेली आणि डॉक्टरांना उठवून आणलं. अकरा मिनिटं.

रोगी बाई वाचल्या. पण त्यांचा मुलगा नऊ वाजता अधीक्षकांच्या दारात उभा होता. ओरडत नव्हता. नुसता घड्याळ दाखवत होता.

दहामिनिट्यांनी मला बोलावून विचारलं, पाच वाजता ते नाव यादीत होतं का? नोंदी काढल्या. होतं. ओळ क्रमांक तेराशे बारा. नाव, पाळी, नंबर, सगळं बिनचूक. सर्व्हर जागा, तक्ता जागा.

"म्हणजे बाईंना सापडलं नाही," दहामिनिटे म्हणाले. आवाजात मला जरा आनंद ऐकू आला. माझ्याही असेल.

मंगळवार, १२ मार्च

अहवाल दिला. सात ओळी. 'दिनांक अकरा रोजी पहाटे पाच वाजता यादीत एक हजार आठशे चाळीस नोंदी उपलब्ध होत्या. सदर डॉक्टरांची नोंद अचूक होती. प्रणालीत बिघाड आढळला नाही. सर्व कर्मचाऱ्यांना वापराच्या सूचना आधीच देण्यात आल्या होत्या.' वगैरे. 'उपलब्ध' हा शब्द घालताना मला उगाच अभिमान वाटला. चपखल बसला होता.

शुक्रवारी अकराला समिती. दहामिनिट्यांनी ठरवून टाकलंय : ऑपरेटरबाईंना तळघरात जुन्या केसपेपरांच्या खोलीत पाठवायचं. मी विचारलं, ज्यांना दिसत नाही त्या बाई कागद लावणार कशा? "तिथे फोन नाही ना. म्हणजे चूक नाही." त्याच समितीपुढे माझं कंत्राटही आहे. विषय क्रमांक चार आणि पाच. शेजारी शेजारी.

घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे खुर्ची सोडून सगळं. ती लहान मुलांना शिकवते, त्यामुळे तिचे प्रश्न नेहमी आखूड असतात आणि पळवाट ठेवत नाहीत. सूचना दिल्या म्हणजे कशा दिल्या, तिने विचारलं. मी फोनमधलं सूचनापत्र दाखवलं. तिने ते लांब धरलं, जवळ धरलं.

"हे तर चित्र आहे."

म्हटलं, हो, मीच काढलंय.

"मग तिचा संगणक हे वाचतो कसं?"

मी म्हटलं, विषय तो नाहीये. ती भांडी घासायला गेली. पाणी जरा जोरात सोडलं होतं.

बुधवार, १३ मार्च

केवळ बायकोचं तोंड बंद करावं म्हणून वर गेलो. हे लिहितोय ते मुद्दाम. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता.

बाईंनी पावलं ओळखली. या, म्हणाल्या. समितीचं त्यांना कळलंय. भिंतींनासुद्धा कळलंय. मी म्हटलं, एकदा शेवटचं बघू या कुठे अडतंय ते. आणि हात माऊसकडे नेला. त्यांनी माझ्या आधी तो उचलला आणि खणात टाकून खण बंद केला.

"बसा इथे. संगणकाचा पडदा बंद करा."

बंद केला. बाईंनी उठून मला त्यांच्या जागेवर बसवलं, इयरफोन दिले, वाचण्याचा वेग माझ्यासाठी कमी केला — "पहिलीच्या मुलांचा लावलाय." मग म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरून फोन आलाय. श्वसनविभागाचे पाळीवरचे डॉक्टर पाहिजेत. शोधा."

खालच्या बाणाची कळ दाबली. कानात एक शांत आवाज : ओळ एक. ओळ दोन. अपघात विभाग. अपघात विभाग. अस्थिरोग. दाबत राहिलो. ओळ एकोणीस. ओळ वीस. तक्ता समाप्त.

पुन्हा दाबली. तक्ता समाप्त.

मग शोधाची कळ दाबून विभागाचं नाव टाइप केलं. सापडत नाही. भिंग? भिंग माऊस जवळ नेल्यावर उमलतं. माऊस खणात. मी टॅब दाबत पानभर फिरलो. वर जाऊन आलो, खाली जाऊन आलो. अंधाऱ्या पडद्यात माझंच तोंड दिसत होतं, तेही डोळे बारीक करून, जसं काही बारीक केल्याने ऐकू येईल.

आणि मग कळलं. डोक्यात काही चमकलं वगैरे नाही. एकविसावी ओळ पानावर नव्हतीच. चाक फिरल्याशिवाय माझं पान सर्व्हरकडे ती मागतच नाही. डोळ्याने बघणारा माणूस नकळत चाक फिरवतो, म्हणून त्याला वाटतं यादी अख्खी आहे. बाई कळा दाबतात, चाक फिरवत नाहीत. त्यांच्यासाठी अठराशे वीस माणसं या रुग्णालयात जन्मालाच आली नव्हती. गवंड्याच्या त्या गबाळ्या पानात सगळी नावं आतच लिंपलेली असायची, म्हणून एकोणीस वर्षांत कधी अडलं नाही. नऊ सेकंद त्या वाट बघायच्या आणि मग सगळं असायचं.

"किती वेळ झाला?" बाईंनी विचारलं.

घड्याळ बघितलं. सहा मिनिटं.

"मला अकरा लागली," त्या म्हणाल्या. "त्यात मी तीन फोन लावले. तुम्ही अजून एकही लावलेला नाही."

मी इयरफोन काढले. दोन्ही वेळा त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं, सर्वांत आखूड, सर्वांत अचूक — यादी विसावर संपते. इतकी नेमकी तक्रार मला आयुष्यात कुणी दिली नाही. आणि मी यंत्राचं वय काढत बसलो होतो.

उठलो. खुर्चीने आवाज केला नाही. दारापर्यंत आलो तेव्हा मागून बाईंनी विचारलं, "खुर्ची कशी आहे?"

मला वाटलं, आत्ता बसलो होतो त्या खुर्चीबद्दल विचारतायत. म्हटलं, बरी आहे.

"माझीही बरी होती," म्हणाल्या, आणि वाजणारा फोन उचलला.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी येऊन बसायच्या आत तिसरी तऱ्हा उपसून टाकली. सगळ्या ओळी एकदम, पानातच. सर्व्हरकडून येतात, पण येतात त्या सगळ्या, आणि आल्या की राहतात. साहेबांनी मागून घातलेले डॉक्टरांचे फोटो काढले. शोधायची चौकट परत वर आणली, चांगली बटबटीत. पान आता सात सेकंद घेतं. पडदा बंद करून, इयरफोन घालून स्वतः तपासलं. श्वसनविभाग : बेचाळीस सेकंद. मी पहिलीतला आहे. बाईंना चार लागतील.

मग दुसरा अहवाल लिहिला. पाच ओळी. यात 'उपलब्ध' नाही. 'ओळ क्रमांक तेराशे बारा सर्व्हरवर होती. ऑपरेटरच्या पानावर नव्हती. पान तसं मी बनवलं होतं. ऑपरेटरने ही चूक सात आणि आठ मार्चला मला सांगितली होती. मी ऐकली नाही.'

दहामिनिट्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, दार लावलं आणि पहिल्यांदाच मला खुर्ची दिली. पहिला अहवाल समितीकडे गेलाय, म्हणाले. दुरुस्ती तुम्ही केलीतच. मग हा कागद कशाला? कुणाचं भलं होणार? बाईंना तळघरात काही त्रास नाही, पंखा आहे. आणि मग अगदी मऊ आवाजात : "विषय पाच दहा मिनिटांत मंजूर होईल. उगाच विषय चारमध्ये पाय घालू नका."

कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी घेतला. घडी करून खिशात घातला. हो, म्हणालो. निदान मानेने तरी म्हणालो.

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करतोय आणि माझ्या मानेला त्याच्यापुढे कसं हलायचं ते अगदी पाठ आहे.

बायकोने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, उद्या बघू. तिने भांडी घासायला घेतली. नळही हळूच सोडला. ते जास्त लागलं.

शुक्रवार, १५ मार्च

अकराला समिती. कागद खिशात आहे. घामाने घडी मऊ झालीय.

सोमवार, १८ मार्च

बाई यायच्या आधी त्यांची खुर्ची वर नेऊन जागेवर ठेवली. त्या आल्या, पाठीवरून हात फिरवला, बसल्या, म्हणाल्या, "आली का." मग म्हणाल्या, तुमची घेऊन जा, पहिल्याच दिवशी तेल घातलंय, दोनच थेंब लागले. मी माझी खुर्ची ढकलत लिफ्टमध्ये घातली आणि तळघराचं बटण दाबलं. शुक्रवारी कागद खिशातून समितीपुढे गेला; मे महिन्यापर्यंत, म्हणजे आहे ते कंत्राट संपेपर्यंत, जुन्या केसपेपरांची खोली माझी आहे. पंखा आहे. लांबलचक बोळातून चाकं फिरत होती आणि कुणीही मान वर करून विचारलं नाही, काही म्हणालात का म्हणून.